रोजचं आरोग्य, सगळं जोडून पाहिलेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘समग्र आरोग्य’ म्हणजे नेमकं काय?

झोप, जेवण, हालचाल, मनःस्थिती, आजूबाजूची माणसं आणि कामाचं स्वरूप हे सगळं एकाच शरीरात एकत्र नांदतं. एकाला धक्का लागला की बाकीचेही हलतात, आणि आरोग्याचा विचार करताना ही ओढाताण लक्षात घेणं म्हणजे समग्र दृष्टी. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ मध्ये मंजूर झाली आणि ७ एप्रिल १९४८ पासून अमलात आली. तिच्या पहिल्याच तत्त्वात म्हटलं आहे की आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य. पुढे १९७७ मध्ये जॉर्ज एंगेल या अमेरिकी डॉक्टरांनी वैद्यकशास्त्रासमोर आग्रहाने मांडलं की रुग्णाचं शरीर, मन आणि परिस्थिती वेगवेगळी काढून आजार समजत नाही.

पुस्तकी व्याख्येपेक्षा माझंच उदाहरण सांगते. दोनेक वर्षं दुपारी चारच्या सुमारास माझं डोकं दुखायचं. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, खुर्ची बदलली, मलम लावून झालं. शेवटी एका वहीत रोजचा दिवस लिहायला लागले, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात दिसलं की डोकं दुखलेल्या जवळजवळ प्रत्येक दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता मी कॉफी घेतलेली होती. त्या कॉफीने झोप एक वाजेपर्यंत लांबायची. सकाळी उशीर झाला की न्याहारी बुडायची आणि दुपारचं जेवण अडीचला, तेही लॅपटॉपसमोर. दुखत होतं डोकं आणि मूळ होतं आदल्या संध्याकाळी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसं चाललं होतं माझं. संध्याकाळची कॉफी सोडल्यावर पहिले तीन दिवस डोकं उलट जास्तच दुखलं, कारण कॅफिन कमी केलं की तसं होतं. दहाव्या दिवसापासून दुपारी चार वाजता मी ठणठणीत होते.

हे सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे याला काही आधार आहे, की नुसतं ऐकायला छान वाटतं?

भरपूर आधार आहे, आणि तो मोजून काढलेला आहे.

झोप आणि रक्तातली साखर घ्या. १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. एवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली, आणि झोप भरून काढल्यावर सुधारली. त्याच संशोधकांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की दोन रात्री झोप कापली तरी पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि ओढ गोड-खारट पदार्थांकडे जाते. म्हणजे जागरणानंतर डबा उघडून उभ्या-उभ्या काहीबाही खाणाऱ्या माणसाला ‘तुझ्यात संयम नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचं शरीरच त्याला ढकलत असतं.

झोप आणि प्रतिकारशक्तीबद्दल शेल्डन कोहेन यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. २००९ च्या प्रयोगात १५३ निरोगी माणसांची दोन आठवड्यांची झोप आधी नोंदवली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली. याच कोहेन यांनी १९९७ मध्ये २७६ जणांवर तसाच प्रयोग करून वेगळाच प्रश्न विचारला होता: तुमची नाती किती प्रकारची आहेत? घरचे, मित्र, शेजारी, सहकारी, एखाद्या मंडळातले लोक. ज्यांची नाती जास्त प्रकारची होती त्यांना सर्दी कमी झाली. विषाणू सगळ्यांच्या नाकात तोच घातला होता.

मग सुरुवात कुठून करू? सगळंच बिघडलंय.

एकाच ठिकाणापासून. सोमवारपासून पहाटे उठायचं, साखर बंद, व्यायाम, ध्यान, मोबाइल दूर, असा संकल्प केला की गुरुवारी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या.

सगळं जोडलेलं आहे याचा फायदा असा की सगळं एकदम धरावं लागत नाही. असा एक धागा शोधायचा जो ओढला की बाकीचे आपोआप थोडे सैल होतील. झोप सात तासांपेक्षा कमी असेल तर माझ्या मते तोच धागा, बाकीचं नंतर. झोप बरी असेल तर जेवणानंतरची दहा मिनिटांची चाल. ती साखरेचा चढ कमी करते, पाय मोकळे करते आणि त्या वेळात दुसरं काही खाणंही होत नाही. झोप आणि हालचाल दोन्ही ठीक असूनही जीव रमत नसेल, तर मात्र आहारात काय बदलू असं विचारू नका. माणसांकडे बघा. तो प्रश्न खाली आहे.

झोपच लागत नाही, त्याचं काय करू?

याला थोडं सविस्तर उत्तर देते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

झोप दोन गोष्टींनी येते. एक म्हणजे साठत जाणारा थकवा. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य जमत जातं आणि त्याचा भार वाढला की डोळे मिटायला लागतात. दुसरं म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते कसं चालतं याच्या शोधासाठी २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं. हे घड्याळ मुख्यतः डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर लावलं जातं. सकाळच्या उजेडाने झोपेची वेळ अलीकडे सरकते, रात्रीच्या झगझगाटाने ती लांबते.

आता आपण काय करतो बघा. रात्री नीट झोप झाली नाही म्हणून सकाळी उशिरा उठतो, म्हणजे सकाळचा उजेड गेला. दुपारी दोन तास आडवे होतो, म्हणजे साठलेलं अॅडेनोसिन वाया गेलं. मरगळ घालवायला संध्याकाळी कॉफी घेतो, म्हणजे उरलेल्या अॅडेनोसिनचा निरोप मेंदूपर्यंत पोचेना. कॅफिन नेमकं तेच करतं, निरोप घेणाऱ्या जागा अडवून बसतं. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. मग रात्री अकराला अंथरुणावर पडून ‘झोप का येत नाही’ म्हणून छताकडे बघत राहतो.

म्हणून झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पक्की करा. सुट्टीच्या दिवशीही तीच, फार तर तासभर इकडे-तिकडे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेरच्या उजेडात जा. आभाळ भरून आलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोप आली नाही तर वीसेक मिनिटांनी उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि डोळे जड झाल्यावरच परत या, म्हणजे अंथरूण ही तळमळायची जागा होत नाही. रात्री घड्याळात बघायचं नाही, त्याचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवा. ‘आता चारच तास उरले’ हा हिशेबच उरलेली झोप उडवतो.

आठवड्यातून तीन-चार रात्री असं तीन महिने चाललं असेल तर त्याला निद्रानाश म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायचा उपचार, ही गोळ्यांच्या आधी करून बघायची गोष्ट आहे, तसं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांतच सांगितलं आहे. आणि मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पुरेसे तास झोपूनही दिवसभर पेंग येणं, यांपैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. श्वास अडण्याचा विकार तपासून घ्या.

दुपारी झोपलं तर चालतं का?

वीस-पंचवीस मिनिटं, तीनच्या आत. रात्रीची झोप बिघडलेली असेल तर तेवढीही नको.

रोज १०,००० पावलं चालायलाच हवीत का?

नाही. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं आणि त्याचं नावच ‘मान्पो-केई’ होतं, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव कानाला गोड होतं, ते जगभर पसरलं. नंतर झालेल्या अभ्यासांत दिसलं की फायदा खूप आधीच सुरू होतो आणि सात-आठ हजारांच्या आसपास बराचसा पदरात पडलेला असतो. तुम्ही आज तीन हजार चालत असाल तर पुढची दोन हजार पावलं सगळ्यात मोलाची आहेत. आकडा गाठला नाही म्हणून रात्री खोलीत येरझाऱ्या घालू नका, झोपा.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला प्रौढांसाठी असा आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही एवढी धाप. आधी सलग दहा मिनिटांची अट होती, ती आता काढून टाकली आहे. जिना चढलात, लांबून गाडीपर्यंत चालत गेलात, सगळं हिशेबात धरायचं.

हालचालीचं महत्त्व पहिल्यांदा ठसलं ते एका साध्या बसमुळे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. दोघांची बस तीच, मालक तोच, राहणीमान जवळपास सारखं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर रोज शेकडो पायऱ्या वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांत कमी होता, आणि झालाच तर सहसा कमी तीव्र होता. त्यातला एकही कंडक्टर ‘व्यायाम’ करत नव्हता, तो तिकिटं फाडत होता. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण व्यायामाला वेगळा वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यात वाट दिसते.

माझं काम खुर्चीतलंच आहे. संध्याकाळी तासभर जिमला जाते, तेवढं पुरे ना?

जिम उत्तमच, पण मधले आठ तासही तुमचेच आहेत. दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उठून चाललं तरी जेवणानंतरचा साखरेचा चढ कमी होतो. फोन आला की उभं राहायचं, एवढी एकच सवय लावा. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब कुठेतरी बघा.

आता वय झालं, स्नायूंचा व्यायाम कशाला?

वय झालं म्हणूनच. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. म्हातारपणी स्वतःच्या हाताने जगता येणं हे बऱ्याच अंशी मांड्यांच्या ताकदीवर ठरतं: खुर्चीतून उठता येणं, कमोडवरून उठता येणं, ठेच लागली तर तोल सावरणं.

आईचं सांगते. तिला खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागायचा आणि उठताना ती नकळत ‘आई गं’ म्हणायची. भिंतीला टेकलेली, न सरकणारी खुर्ची घेतली. पहिल्या दिवशी हातांचा आधार घेऊन तीनदा उठणं-बसणं, तेही मध्ये थांबून. बसताना धपकन बसायचं नाही, सावकाश टेकायचं, ही एकच अट. सावकाश खाली येतानाच स्नायू जास्त कमावतो. दुसऱ्या आठवड्यात एक हात सुटला. सहाव्या आठवड्यात हात छातीशी दुमडून आठ वेळा. ‘आई गं’ कधी थांबलं ते तिलाही कळलं नाही, मला एके दिवशी स्वयंपाकघरातून जाणवलं की ती उठली आणि आवाज आला नाही.

पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीनदा करावेत. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं हा त्यातला सोपा. गुडघेदुखी फार असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

आहार नेमका कोणता चांगला? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वेगळं सांगणाऱ्यांच्यात एकमत किती आहे ते बघा, म्हणजे गोंधळ कमी होईल. भाज्या-फळं भरपूर, धान्य शक्यतो सालासकट, डाळी-कडधान्यं रोज, सुकामेवा थोडा, मीठ-साखर बेताची, कारखान्यात तयार होऊन पाकिटातून येणारं कमीत कमी. यावर कुणाचं फारसं भांडण नाही. भांडण असतं ते उरलेल्या थोड्या गोष्टींवर, आणि सगळा आवाज तिथूनच येतो.

आकडे हवे असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या आणि २५ ग्रॅम तंतू (फायबर) खावेत, मीठ ५ ग्रॅमच्या आत म्हणजे एक सपाट चमचाभर, आणि वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत. मीठ मोजताना डब्यातलं, पाकिटातलं, सॉसमधलं सगळं त्यात आलं.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २०१९ मध्ये केविन हॉल यांनी २० जणांना एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. ताटात वाढलेले उष्मांक, साखर, मेद, तंतू, मीठ दोन्हीकडे सारखं ठेवलं होतं आणि ‘हवं तेवढं खा’ म्हणून सांगितलं होतं. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. अतिप्रक्रिया केलेलं अन्न भराभर खाल्लंही गेलं. मऊ असतं, चावावं लागत नाही, आणि पोट भरल्याची खबर मेंदूला लागेपर्यंत पाकीट रिकामं झालेलं असतं.

दहा वर्षं न कंटाळता जे खाता येईल तो तुमचा आहार. तीन महिन्यांत सुटणारा आहार कितीही शास्त्रीय असला तरी तुमच्या कामाचा नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, गरोदरपण, खाण्याचे विकार यांत मात्र सर्वसाधारण सल्ल्यावर चालू नये. तिथे आहारतज्ज्ञ हवा.

रोज आठ ग्लास पाणी?

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या अन्न आणि पोषण मंडळाने दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी सुचवलं होतं, आणि त्यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं असंही तिथेच लिहिलं होतं. पुढे दुसरं वाक्य लोक विसरले. तहान लागली की प्या, लघवीचा रंग फिका पिवळा असेल तर पुरेसं चाललंय. उन्हात काम, ताप, जुलाब असतील तर जास्त. वयस्कर माणसांना तहानेची जाणीव कमी होते, त्यांना आठवण करून द्यावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप पाळा.

शरीर आतून ‘डिटॉक्स’ करण्यासाठी काय घ्यावं?

काही नाही. तुमची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. शरीरात रक्तद्रव जेमतेम तीन लिटर असतो, म्हणजे तोच तोच दिवसात साठेक वेळा गाळला जातो, आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी होते. शेजारी यकृत अहोरात्र दुसरं काम करत असतं. त्यांना बाटलीतल्या रसाची मदत लागत नाही. त्यांना रक्तदाब आणि साखर ताब्यात हवी, दारू-तंबाखू नको, आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या नकोत.

ताण कमी करण्यासाठी दीर्घ श्वसन, ध्यान याने खरंच काही होतं का?

होतं, पण कशासाठी वापरतो त्यावर आहे. आपण साधारणपणे मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले, श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवलं, तर हृदयाचा वेग उतरतो आणि शरीर निवांतपणाकडे वळतं. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. बैठकीच्या आधी, रात्री मन धावत असताना, भांडणानंतर हात थरथरताना याचा उपयोग होतो. ध्यान जमत नाही म्हणणाऱ्यांनी जमवायच्या मागे लागू नये. मन भटकलं हे लक्षात येऊन परत आणणं, हाच तो व्यायाम. डोळे मिटून बसवत नसेल तर शांतपणे चाला, भांडी घासा, बागेत माती उकरा.

पण तीन माणसांचं काम एकटा करत असाल, घरात कुणी अपमान करत असेल, कर्जाचे हप्ते थकले असतील, तर श्वास मोजून ते सुटणार नाही. अशा माणसाला ‘ध्यान कर’ म्हणून सांगणं मला मनापासून खटकतं. तिथे काम वाटून मागणं, पैशाचा हिशेब कुणा विश्वासू माणसासमोर मांडणं, त्या घरातून बाहेर पडण्याची वाट शोधणं हाच आरोग्याचा उपाय आहे. श्वास फक्त तेवढं करायला लागणारं डोकं शांत ठेवतो.

मी एकटं राहणं पसंत करतो. तरी माणसांची गरज आहे का?

एकटं राहणं आणि एकाकी असणं वेगळं. स्वतःच्या आवडीने एकटे राहणारे कित्येक जण मजेत असतात, आणि भरल्या घरात एकाकी पडलेलेही असतात. विचारायचं ते हे की रात्री दोन वाजता काही झालं तर तुम्ही कुणाला फोन कराल, आणि तुम्हाला कोण करेल?

हा प्रश्न भावनेपुरता नाही. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र केले, त्यात ३ लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे सामाजिक बंध घट्ट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या एका दीर्घ अभ्यासातही उतारवयातल्या तब्येतीशी नात्यांची ऊब सतत जोडलेली दिसली आहे.

नवे मित्र जोडा असं सांगणं सोपं आहे. त्यापेक्षा जुनं एक नातं उचला जे भांडण नसताना नुसतंच सुटलंय. ‘सहज आठवण आली’ एवढाच निरोप पाठवा, कारण शोधत बसू नका. आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांना भेटता येईल असं काहीतरी ठेवा: गाणं, खेळ, वाचन, झाडं लावणं, काहीही. ओळखी दाट होतात त्या पुन्हा पुन्हा भेटल्याने.

मोबाइल किती वेळ बघणं योग्य?

मिनिटं मोजण्यापेक्षा तो कशाची जागा खातोय ते बघा. झोपेची, चालण्याची, समोरच्या माणसाशी बोलण्याची? रात्री चार्जर बेडरूमच्या बाहेर ठेवा आणि गजराला साधं घड्याळ घ्या. एवढ्याने बरंच होतं.

नैसर्गिक उपाय सुरू केल्यावर डॉक्टरांची औषधं बंद करता येतील का?

स्वतःच्या मनाने कधीही नाही. समग्र या शब्दाचा सगळ्यात घातक गैरवापर इथे होतो. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रक्तदाबाची गोळी सोडली आणि एक काढा धरला. चार महिन्यांनी पक्षाघात झाला. त्यांना बरं वाटतच होतं, त्यात खोटं नव्हतं. उच्च रक्तदाब सहसा काही जाणवू देत नाही. जगात ज्यांना तो आहे त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना तो आहे हेच माहीत नसतं.

चालणं, मीठ कमी करणं, वजन उतरवणं याने गोळ्यांचा डोस कमी होऊ शकतो, कधी गोळी सुटतेही. पण तो निर्णय मोजून, डॉक्टरांसोबत, हळूहळू घ्यायचा असतो. आणि ‘वनस्पतीचंच आहे, अपाय काय होणार’ हे खरं नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा परिणाम कमी करते. ग्रेपफ्रूटचा रस कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं प्रमाण रक्तात वाढवतो. तुम्ही जे जे घेता, काढे, चूर्णं, जीवनसत्त्वं, सगळं कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

छातीत दाब येणं, घाम फुटून हात किंवा जबडा दुखणं, चेहरा एका बाजूला ओघळणं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, यांत थेट रुग्णालय गाठा.

मन उदास आहे, पण डॉक्टरकडे जाण्याएवढं आहे का हे कसं ओळखू?

दोन आठवडे जवळपास रोज उदास वाटतंय किंवा आवडीच्या गोष्टींतही रस उरला नाही, आणि त्याने झोप, भूक, काम बिघडलंय, एवढं पुरेसं आहे. जगण्यात अर्थ नाही किंवा स्वतःला संपवावं असा विचार येत असेल तर दोन आठवड्यांची वाट बघू नका, आजच कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. चालणं, उजेड, माणसं यांनी उपचाराला हातभार लागतो, पण ते उपचाराची जागा घेत नाहीत. पाय मोडल्यावर आपण आधी प्लास्टर घालतो, मग चालायला शिकतो.

मी सुरुवात करते आणि आठवड्याभरात सगळं सुटतं. माझ्यात जिद्दच नाही का?

जिद्दीचा संबंध कमी आहे. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे ऐकून आपण बाविसाव्या दिवशी स्वतःला नापास करतो. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांनी एक-एक छोटी सवय लावायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ च्या घरात. त्याच अभ्यासातली मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही.

नवी सवय जुन्या सवयीच्या पाठीवर बसवा. ‘रोज व्यायाम करीन’ हे हवेत राहतं. ‘दात घासून झाले की ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचलीन’ याला जागा आहे, वेळ आहे, आणि आठवण करून द्यायला ब्रश आहे. सुरुवात इतकी छोटी ठेवा की ताप आलेल्या दिवशीही जमेल.

घरातल्या आजारी माणसाची काळजी मीच घेते. माझ्यासाठी वेळ कुठून आणू?

तुम्हाला वेळ काढा असं मी सांगणार नाही, तुम्ही ते ऐकूनच थकला असाल. दोनच गोष्टी सांगते. कुणी ‘काही लागलं तर सांग’ म्हणालं तर त्याच क्षणी काम सांगा: ‘गुरुवारी चार ते सहा त्यांच्याजवळ बसशील?’ लोकांना मदत करायची असते, काय करायचं ते कळत नाही. आणि त्या दोन तासांत घर आवरू नका. झोपा. स्वतःच्या तपासणीची तारीख त्यांच्या तपासणीच्याच दिवशी, त्याच ठिकाणी घ्या, नाहीतर ती कधीच येत नाही.

वहीत रोज काय लिहायचं? लांबलचक लिहायला मला जमणार नाही.

एका ओळीत मावेल एवढंच. कधी झोपले, कधी उठले, शेवटचा चहा किंवा कॉफी कधी, चालणं झालं का, कुणाशी मनापासून बोलणं झालं का, आणि ज्या त्रासासाठी वही धरली तो दहापैकी किती. खाण्याचे उष्मांक लिहू नका, तो वेगळा छळ होतो. तीन आठवडे नुसतं लिहायचं, काही बदलायचं नाही. मग वाईट दिवसांवर खूण करा आणि प्रत्येकाच्या आदल्या दिवसाची ओळ वाचा. माझ्या वहीतली एक ओळ अशी होती: ‘१२.५० / ७.४०, कॉफी ६ वाजता, चाल नाही, ताईशी फोन, डोकं ७.’ अशा अकरा ओळी निघाल्या, आणि त्यातल्या नऊंमध्ये सहाची कॉफी होती.